पाहुण्या देवांपुढचं गाऱ्हाणं

बाबांनी ‘हो’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. गुरुवारी दुबईतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, ती बदलावी लागेल आणि यात वेळ काढण्यासारखं काही नाही. व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाचं एवढं मोठं ऑपरेशन इथे करणं आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून मी त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख धरून ठेवली आणि पेशंटचा होकार सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. पेशंट अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर मांडी घालून मोबाइलवर दशावताराचं नाटक बघत होते. विचारलं की म्हणायचे, “बगूया.”

माझा स्वभाव मुळातच उतावळा. लिफ्टचं बटण एकदा दाबून माझं भागत नाही. सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथे मला पगारच लोकांच्या मागे लागण्याचा मिळतो. हे झालं का, ते कधी होणार, कोणामुळे अडलंय. समोरचा ‘इन्शाल्ला’ म्हणाला की मी विचारते, इन्शाल्ला आज की इन्शाल्ला उद्या? असल्या बाईला ‘बगूया’ म्हणणं म्हणजे तिच्या अंगावर मुंग्या सोडण्यासारखं आहे. शुक्रवारी मी बाबांना चहा देताना विचारलं, जेवण वाढताना विचारलं, औषधाची गोळी हातावर ठेवताना विचारलं. शेवटी माझी मुलगीच आतून ओरडली, “आई, चिल! ही विल टेल यू व्हेन ही वॉन्ट्स टू.” घरात शहाणं माणूस एकच, तेही नववीतलं.

चिल वगैरे मला जमत नाही. आई गेल्यापासून बाबा गावात एकटे राहतात. मालवणच्या पलीकडे आमचं गाव. फोनवर त्यांचा आवाज जरा बारीक आला तरी मी त्या दिवशी ऑफिसात दोन माणसांशी भांडते. यावेळी त्यांना आणायला विमानतळावर गेले तर ते ट्रॉली ढकलताना मध्येच थांबले आणि जाहिरातीचा फलक वाचायचं नाटक करू लागले. फलक अरबीत होता. तेव्हाच मी डॉक्टरांची वेळ घेतली.

शनिवारी आम्ही अबुधाबीला गेलो ते बाबांमुळेच. तपासण्या सुरू झाल्या तेव्हाच डॉक्टरांनी उन्हात नको, चढावर नको, सावकाश चाला असं सांगितलेलं, म्हणून संध्याकाळी मी त्यांना मेट्रो स्टेशनच्या पादचारी पुलावर न्यायची. शेख झायेद रोडवरून आरपार जाणारा लांबच लांब बंद पूल, आत गारेगार एसी आणि खाली गाड्यांच्या रांगा. तिथे एका जाहिरातीत एक चेहरा होता. सोनेरी पार्श्वभूमी, लांबट नाक, बदामासारखे मोठे डोळे. बाबा रोज त्याच्यापुढे उभे राहायचे. मला वाटायचं, दम घ्यायला थांबतात. एकदा म्हणाले, “ह्यो कोण गो? माझ्याकडेच बघता.”

मी वाचून सांगितलं. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर फार जुनं चर्च आहे. आता त्यात प्रार्थना होत नाही, बायझंटाइन काळातल्या आणि त्या वळणाच्या चित्रांचं संग्रहालय आहे. त्या चर्चच्या छपराचं काम काढलंय, म्हणून तिथली चित्रं काही महिन्यांकरता अबुधाबीच्या एका संग्रहालयात आणली आहेत.

“माका दाखव,” बाबा म्हणाले.

मॉल दाखवते म्हटलं तर ‘नको’, मिरॅकल गार्डन म्हटलं तर ‘आमच्याकडे झाडां नाय?’ असं म्हणणारा माणूस स्वतःहून काहीतरी मागत होता. शिवाय माझा डाव होताच. गाडीत माणूस बोलतो, हा माझा अनुभव. दीड तास शेजारी बसून ‘बगूया’ म्हणत राहणं कोणालाही जमायचं नाही. नवऱ्याची शनिवारची पाळी होती, तो पहाटेच हमरियाच्या फॅक्टरीत गेलेला. मुलीची परीक्षा होती. आम्ही दोघंच निघालो.

जबल अली मागे पडेपर्यंत बाबा झोपले. डोळे मिटून घेतले म्हणा, कारण मी ‘कोल्हापूरचे डॉक्टर फार चांगले आहेत’ म्हटलं की त्यांची पापणी हलायची. मी तरी बोलत राहिले. त्या डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशन्स केली, माझ्या ऑफिसातल्या मल्याळी माणसाचे वडील ऑपरेशननंतर आता नारळाच्या बागेत काम कसं करतात, मी महिनाभर रजा कशी काढणार आहे. दोन्ही बाजूंना वाळू, विजेचे खांब आणि मधूनमधून पेट्रोल पंप. एका पंपाशी मी चहासाठी थांबले. कागदी पेल्यातल्या करक, म्हणजे इथल्या कडक चहाकडे बघत बाबा म्हणाले, “तू गाडी चलवताना हात खूप हलवतंस.”

“विषय बदलू नका. हो का नाही?”

“चाय गरम आसा,” ते म्हणाले आणि फुंकर घालत बसले.

संग्रहालयात शिरेपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं होतं. पार्किंग लांब मिळालं, बाबा चालताना थांबत होते, आणि प्रत्येक वेळी थांबले की मी घड्याळाकडे बघत होते, घाई कसलीच नसताना. दालनाच्या आत मात्र एकदम अंधारासारखं होतं. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही क्षण काहीच दिसेना. मग हळूहळू एक कोरीव लाकडी पडदा दिसायला लागला, माणसाच्या दुप्पट उंच. त्या चर्चमध्ये गाभारा आणि लोक यांच्या मध्ये हा पडदा उभा असतो, असं पाटीवर लिहिलं होतं. त्याच्या चौकटींत चित्रं बसवलेली आणि दोन्ही भिंतींवर आणखी चित्रं. सगळीकडे तेच मोठे डोळे. एवढ्या जणांनी एकदम माझ्याकडे बघितलेलं मला आवडलं नाही.

मी वळून बघते तर बाबा दारातच वाकलेले. पट्ट्या काढून चपला हातात घेतल्या होत्या.

“बाबा, हे देऊळ नाही. म्युझियम आहे.”

“आत देव आसत मा?”

“देवांची चित्रं आहेत.”

“मग तसाच मा,” असं म्हणून ते अनवाणी आत आले.

दाराशी उभी असलेली सुरक्षारक्षक युगांडाची होती, हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त एक उंच, ताठ, काळ्या कोटातली मुलगी होती आणि माझ्याकडे रोखून बघत होती. तिने इंग्रजीत हळूच सांगितलं की चपला घालाव्या लागतील, पाय घसरेल. मी बाबांना सांगितलं. बाबांनी तिच्याकडे बघून प्रेमाने मान हलवली आणि पुढे निघाले. मी तिला म्हटलं, सॉरी, ते सवयीने करतात. मग लक्ष ठेवा त्यांच्यावर, ती म्हणाली. मला मेलीला लक्ष ठेवण्याशिवाय दुसरं काय येतं?

बाबा चित्रं बघत होते ते आपण पाहुण्यांकडे एकेका माणसाची ओळख करून घेतो तसं. घोड्यावर बसून अजगरासारख्या प्राण्याला भाला मारणाऱ्या संताला म्हणाले, “ह्यो राखणदार.” पंख असलेल्या, हातात तलवार धरलेल्या देवदूतापुढे म्हणाले, “ह्यो पण राखणदारच, पण वरच्या अंगाचो.” मी पाट्या वाचून दाखवू लागले की ते ऐकून घ्यायचे आणि पुढे जायचे. कुठलं शतक, कुठला रंग, अंड्याच्या बलकात कालवलेला, वगैरे. काही चित्रांचा खालचा भाग पुसट झाला होता. तिथे लोक ओठ टेकवायचे, असं लिहिलं होतं. बाबांनी वाकून ती झिजलेली जागा नीट बघितली. “पुष्कळ लोक येय होते,” ते म्हणाले.

एका काचेच्या पेटीत चांदीचे आणि पत्र्याचे छोटे तुकडे होते, प्रत्येकावर काही ना काही ठोकून उठवलेलं. एक पाय, एक हात, डोळ्यांची जोडी, दुपट्यातलं बाळ. आजारी माणसं नवस फेडायला ते चित्राशी टांगायची. मला पाटी वाचावीच लागली नाही. बाबा म्हणाले, “आपण देवीक चांदीचे डोळे देतो, तसाच.” मग एकेक तुकडा दाखवत सांगू लागले, ह्याचा पाय दुखत असणार, हिला मूल होत नसणार. पेटीच्या कोपऱ्यात एक हृदयही होतं. बाबांची नजर तिथपर्यंत गेली आणि ते लगेच तिथून सरकले. मी काहीतरी बोलणार होते. नाही बोलले, हा त्या दिवसातला माझा पहिला पराक्रम.

पडद्याच्या मधोमध, जिथे चौकट सर्वांत मोठी होती, तिथे मांडीवर मूल घेतलेली आई होती. तिचा चेहरा मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेला आणि भोवती सोनं. मुलाचा चेहरा मुलाचा नव्हताच, एखाद्या गंभीर हेडमास्तरांसारखा होता. बाबांनी चपला शेजारच्या बाकाखाली सरकवल्या आणि हात जोडले. “ही सायबीण,” ते म्हणाले. आमच्याकडे आणि गोव्यात मेरीमातेला सायबीण म्हणतात. म्हापशाची सायबीण आणि आपल्या देवी सख्ख्या बहिणी, असं मानणारी हिंदू माणसं घरोघरी आहेत. बाबा तर तिथे तेल घालून आलेले.

“घर सोडून इली बिचारी,” बाबा म्हणाले. “म्हंजे हेंची गावपळणच झाली.”

आमच्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातं. गुरंढोरं, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळे. तीन दिवस गावात चूल पेटत नाही. तिला गावपळण म्हणतात. मी हसले. छपराचं काम म्हणजे गावपळण, हे त्या बेटावरच्या लोकांना सांगायला हवं होतं.

“हंय हेंका गाऱ्हाणी कोण घालता?” बाबांनी विचारलं.

“कोणी नाही. लोक तिकीट काढतात, फोटो काढतात आणि कॅफेत जातात.”

“मग मोकळेच बसलेत,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम काम मिळाल्याचा उत्साह आला, आणि माझ्या लक्षात आलं की आता काय होणार आहे.

गाऱ्हाणं घालणं म्हणजे देवापुढे उभं राहून, मोठ्याने, सर्वांच्या देखत मागणं सांगणं. कोणाचं लग्न जमत नाही, कोणाची बोट परत आली नाही, कोणाचा मुलगा मुंबईहून पत्ता देत नाही. ज्याची अडचण असते तो स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने मानाचा माणूस बोलतो. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबतो आणि जमलेले सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ ते आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. आणि ज्याच्यासाठी गाऱ्हाणं चाललंय त्याने तर तोंड उघडून म्हणायलाच हवं. तो गप्प राहिला तर देवाला कळतं, याचं यालाच नको आहे. आमच्या गावात हा मान आमच्या घराकडे आहे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, कारण देवळात बाबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा आणि माझ्या वर्गातल्या मुली त्यांची नक्कल करायच्या.

“बाबा, इथे नको. मोठ्याने नको. अहो, आपण अबुधाबीत आहोत. कोणी तक्रार केली तर—”

“बा देवा म्हाराजा!” बाबांनी सुरुवातच केली.

दालनात पलीकडच्या टोकाला एक रशियन जोडपं होतं, ते वळलं. छतावरचा कॅमेरा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं. माझ्या डोक्यात एका क्षणात पोलीस स्टेशन, व्हिसा कॅन्सल, नवऱ्याची नोकरी, सगळं येऊन गेलं.

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत म्हाराजा. तू परमुलखातलो, आमी पण परमुलखातली. तुझ्या घराचो पाको धड होवंदे, तू सुखान आपल्या जाग्यार परत जावंदे रे म्हाराजा!”

मग ते थांबले. माझ्यासाठी. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. लहानपणी देवळात बघायचे तसंच.

“व्हय म्हाराजा,” मी ओठातल्या ओठात म्हटलं.

“माझो जावय पहाटे उठान लांब कामाक जाता, तेच्या गाडयेक, तेच्या हातापायाक सांभाळ. माझी नात हुशार आसा, तिका बुद्धी दितंस तशी भूक पण दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या दारार उभा आसलेला चेडू, खयचा कोण, आवशीबापाशीपासून लांब इलेला आसा, तेच्या पाठीशी ऱ्हव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” ती मुलगी तोपर्यंत आमच्या बाजूला आली होती आणि मी तिला हाताने ‘एकच मिनिट’ करत होते.

“आणि ह्या माझ्या चेडवाचो जीव सदीच खालीवर होता रे म्हाराजा. रात्री उठता, पाणी पिता, खिडकीत उभी ऱ्हवता. तिका वाटता बापाशीक कळत नाय. तिच्या जिवाक थारो दी, तिका निवांत झोप लागांदे म्हाराजा!”

यावर मला ‘व्हय’ म्हणताच आलं नाही. मी समजत होते की मी रात्री उठते तेव्हा हॉलमधला बाबांचा सोफा घोरत असतो. कशीबशी मान हलवली. बाबांनी तेवढ्यावर भागवलं आणि हात जोडून डोळे मिटले.

मी वाट बघत राहिले. आता पुढचं वाक्य येणार, त्यांचं स्वतःचं. जावई झाला, नात झाली, अनोळखी मुलगीसुद्धा झाली. बाबांनी डोळे उघडले आणि बाकाखालच्या चपलांकडे वळले.

“झालं? आणि तुमचं?”

“आपला आपण घालूचा नसता.”

“मग तुमचं कोण घालतं?”

बाबा बाकावर बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर. “तुझो काका घाली होतो,” ते म्हणाले.

हा काका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. दोघांनी जन्मभर एकमेकांची गाऱ्हाणी घातली. जमिनीच्या एका तुकड्यावरून वर्षानुवर्षं अबोला होता, तरी देवळात हा त्याचं आणि तो ह्याचं गाऱ्हाणं घालायचाच, आणि बाहेर पडून दोघं दोन वाटांनी जायचे. गेल्या शिमग्याच्या आधी काका गेला. मी तेव्हा फोनवर ‘अरे रे’ म्हटलं होतं आणि बाबांना विचारलं होतं की तुमच्या गोळ्या आहेत ना.

“म्हणून तुम्ही हो म्हणत नाही आहात?” माझा आवाज चढला. “देवाला विचारायला माणूस नाही म्हणून? बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्यासमोर म्हणाले. यात विचारायचं काय आहे?”

“इचारल्याशिवाय मियां आजपर्यंत काय एक केलंय नाय. लगीन नाय, घर नाय. तुका मुंबयक शिकूक धाडलंय ता पण इचारून.” ते खाली बघत होते. “छाती उघडतले, काळीज थांबवतले, मग परत चालू करतले. डॉक्टरान चित्र काढून दाखवल्यान. माका भ्या वाटता गो.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. दोन दिवस मी त्यांना धारेवर धरलं होतं, आकडे दिले होते, मल्याळी माणसाच्या वडिलांच्या नारळाच्या बागेपर्यंत जाऊन आले होते. भीती वाटते का, एवढं विचारायचं राहून गेलं होतं. मला रडू यायला लागलं आणि नेहमीप्रमाणे त्याचा राग झाला.

“मी घालते,” मी म्हटलं.

“बायलमाणसां घालत नाय.”

“आपल्या देवळात घालत नाहीत. ही सायबीण बाईच आहे, तिची काय हरकत असणार?”

“अगो, रीत—”

मी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही. वाट बघणं मला जमत असतं तर ही सगळी गोष्टच झाली नसती. मी पडद्याकडे तोंड केलं, हात जोडले आणि म्हटलं, “बा देवा म्हाराजा!” आवाज केवढातरी मोठा निघाला. तो बाबांचाच आवाज होता, ज्याची मला शाळेत लाज वाटायची. रशियन जोडपं आता सरळ आमच्याकडे बघत उभं होतं.

रक्षक मुलगी जवळ आली. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. माझे वडील आजारी आहेत, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतेय, मी म्हटलं. फार वेळ नाही लागणार. तिने मांडीवर मूल घेतलेल्या त्या आईकडे बघितलं, मग बाकावरच्या अनवाणी बाबांकडे. आमच्याकडेही असंच मोठ्याने करतात, युगांडात, ती म्हणाली. आवाज थोडा कमी ठेवा. आणि आमच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा,” मी पुन्हा सुरुवात केली, हळू. मालवणीतलं ते सगळं सजवलेलं बोलणं मला येत नाही. येईल तसं बोलत गेले. “हे माझे वडील. यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागितलं. यांच्यासाठी मागणारा माणूस गेला. मला रीत माहीत नाही, चुकलं तर सांभाळून घे.”

थांबले. मी मागे बघितलं नाही.

“व्हय म्हाराजा,” बाबा पुटपुटले. सवयीनेच असणार.

“यांना चालताना दम लागतो. ते आमच्यापासून लपवतात. तुझ्यापासून लपत नसेल. यांची भीती कमी कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“कोल्हापूरच्या डॉक्टरांचे हात स्थिर ठेव. रिपोर्ट चांगले येऊ देत. मी रजा काढून सोबत राहणार आहे, मला तिथे कोणाशी भांडायची बुद्धी देऊ नकोस म्हाराजा.”

मागे बाबा हसल्यासारखे वाटले. “व्हय म्हाराजा.”

आता ते वाक्य आलं. मला माहीत होतं की हे म्हणून झाल्यावर मला थांबावं लागणार, आणि किती वेळ ते माझ्या हातात नसणार.

“बा देवा म्हाराजा, या ऑपरेशनला यांनी हो म्हणावं. रात्री कोण उठतं, कोणाला झोप लागत नाही, हे तुला सांगणारं माणूस मला यांच्याशिवाय दुसरं नाही. यांना काही झालं तर माझं गाऱ्हाणं घालायला कोणी उरत नाही. म्हणून यांना ठेव. माझ्यासाठी ठेव म्हाराजा!”

मी थांबले.

काही आलं नाही. त्या मोठ्या डोळ्यांच्या बाईकडे मी बघत राहिले, ती माझ्याकडे. पाय हलवावासा वाटत होता, मागे वळावंसं वाटत होतं, ‘बाबा, हो का नाही?’ असं ओरडावंसं वाटत होतं. दारातली मुलगी हलली नाही. बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता, मध्ये घरघर असलेला. मग बाक करकरला. ते उठत होते. बसून म्हणायचं नसतं.

“व्हय,” बाबा म्हणाले, देवळातल्या आवाजात. तिथेच त्यांना दम लागला आणि थांबावं लागलं. मी मागे हात केला, त्यांनी तो धरला, श्वास भरून घेतला आणि उरलेलं म्हटलं, “म्हाराजा.”